सिंधुकाकूंचा वीतभर डबा

श्रावणातल्या एका सोमवारी सिंधुकाकूंनी आपल्या अंगणात दोन तांब्यांवर दोन नारळ बसवले, त्यांना खणाचे तुकडे नेसवले, नारळांच्या पुढ्यात दोन लिंबं ठेवली, लिंबांपुढं पितळेचं ताट मांडलं, आणि समोर एक काळा डबा ठेवून त्या जपाची माळ घेऊन बसल्या.

आमच्या दोन घरांच्या मधली भिंत कमरेएवढी होती. माझ्या सासूबाई, रुक्मिणबाई, त्या भिंतीवर कोपरं टेकून बघत होत्या. आम्ही त्यांना आत्याबाई म्हणायचो.

"सिंधे, काय करून राहिलीस गं?"

काकूंनी एक बोट वर करून थांबायला सांगितलं. जपाच्या मधे त्या बोलत नसत. माळ मेरुमण्याला आली, त्यांनी ती डोळ्यांना लावली, डब्याच्या तोंडावर काळ्या कापडाची पट्टी दाबून बसवली आणि मग म्हणाल्या, "फोटो काढून राहिले, आत्याबाई."

"नारळाचा?"

"नारळ हलत न्हाई. पोरांना बसवलं असतं तर एका माळेत दहादा उठली असती."

"आणि ती लिंबं कशाला?"

"ती बाळं."

मग आत्याबाईंच्या ध्यानात आलं. नारळ म्हणजे आमच्या महालक्ष्म्या, थोरली आणि धाकटी. लिंबं म्हणजे त्यांच्या पुढ्यात बसतात ती त्यांची बाळं. ताट म्हणजे नैवेद्याचं. आत्याबाई हसायच्या थांबल्या आणि भिंतीला वळसा घालून तिकडं गेल्या.

हे सगळं त्यांच्याचसाठी चाललं होतं.

लढाईचं पाचवं वर्ष होतं ते. वैशाखात माझं लग्न होऊन मी नांदेडला आले होते. आमचे थोरले चुलत सासरे शेषेराव गुलबर्ग्याला कचेरीत पेशकार होते, ते वजीफा, म्हणजे पेन्शन, घेऊन उदगीरला घर करून राहिले. आषाढात त्यांचं पत्र आलं. आमच्यात नेम असा, की महालक्ष्म्या थोरल्याच्या घरी बसायच्या आणि एका घराण्यात दोन ठिकाणी बसवायच्या नाहीत. शेषेराव नोकरीपायी गावोगाव फिरत होते म्हणून अठरा वर्षं त्या आत्याबाईंकडं बसल्या. आता यंदाचं बसणं झालं की पितळी मुखवटे उदगीरला जायचे होते.

आत्याबाई त्यावर एक शब्द वाकडा बोलल्या नाहीत. "थोरलीचं ते थोरलीला जायचंच," एवढंच म्हणाल्या. पण दुसऱ्या दिवशी त्या सिंधुकाकूंकडं जाऊन बसल्या.

"सिंधे, डोळे मिटले की त्या मला दिसतात. धाकटी जराशी मागं, बाळं पायाशी, वरती फुलोरा. पण मी आता साठीला आले. मिटल्या डोळ्यांना किती वर्षं दिसत राहतील? मला त्यांचा फोटो पाहिजे. जशा बसतात तशाच दिसल्या पाहिजेत."

काकूंचे यजमान अवधूतकाका स्टेशनाकडच्या एका फोटोच्या दुकानात कामाला होते. काचेवर उमटलेल्या चेहऱ्यांवर पेन्सिलीनं बारीक काम करायचं, अंमलदारांच्या गालावरचे देवीचे व्रण बुजवायचे, हे त्यांचं काम. पण लढाईमुळं फोटोच्या काचा मिळत नव्हत्या. होत्या त्या मालकानं मोठ्या लोकांसाठी कुलपात ठेवल्या होत्या. शिवाय दुकानाचा माणूस बूट घालून, तिपाई घेऊन सोवळ्याच्या खोलीत येणार कसा? माझ्या सासऱ्यांनी, मामंजींनी, आधीच सांगितलं होतं, "त्या खोलीत परका माणूस नको."

राहिल्या सिंधुकाकू, आणि त्यांचा डबा.

काकूंचं माहेर कंधारचं. वडील तिथल्या मराठी शाळेत मास्तर. उन्हाळ्यात दुपारी आई दार लावून मुलांना झोपवायची. त्या दाराच्या फळीला एक बारीक भोक होतं, आणि बाहेर ऊन रणरणत असलं की समोरच्या भिंतीवर रस्ता उमटायचा, पण उलटा. पाय वर करून म्हशी चालत जायच्या. भावंडं चादरी ओढून घ्यायची, आजी भस्म लावायची. नऊ वर्षांच्या सिंधूनं उठून भोकावर हात ठेवला. म्हशी गेल्या. हात काढला, म्हशी आल्या. "तेव्हा मला कळलं, भूतबित काही न्हाई, हे भोकाचं काम आहे," असं त्या सांगायच्या. लग्नानंतर ही गोष्ट त्यांनी काकांना सांगितली, तर काका म्हणाले, "अगं, कॅमेरा म्हणजे तरी दुसरं काय? त्या भिंतीवर आमचा कागद चिकटवला असता तर म्हशींचा फोटो आला असता."

तेव्हापासून काकूंचा हा नाद. दुकानात दमट होऊन कडेनं पिवळे पडलेले फोटोचे कागद मालक टाकून द्यायचा, ते काका घरी आणायचे. पोस्टकार्डाएवढे कागद. डबा काकूंनी स्वतः पुठ्ठ्याचा केला होता. काडेपेटीसारखा, एका घरात दुसरा डबा मागंपुढं सरकेल असा. आतून काजळ आणि डिंक लावून काळा केलेला. पुढच्या बाजूला चहाच्या पेटीत येतो तो शिशाचा पातळ पत्रा, त्याला मोती ओवायच्या सुईनं पाडलेलं एक भोक. मागच्या बाजूला कागद. भिंगाची काच कुठंच नाही. आतला डबा ओढून डब्याची लांबी वाढवता यायची, आणि त्यावर काकूंनी पांढऱ्या खडूनं खुणा केल्या होत्या. एक वीत, पाऊण वीत, अर्धी वीत.

सगळा प्रश्न होता तो याच खुणांचा. आत्याबाईंच्या महालक्ष्म्यांसाठी डबा किती लांब ओढायचा?

नारळांचा पहिला फोटो अर्ध्या वितीवर काढला होता. अवधूतकाकांनी तो औषधात धुतला आणि ओलाच आमच्याकडं आणला. आत्याबाईंनी बघितला आणि त्यांचा चेहरा उतरला.

"अरे, हे काय रे अवधूत! काळीठिक्कर तोंडं केलीस माझ्या लक्ष्म्यांची!"

"आत्याबाई, नारळ आहेत ते."

"असू देत नारळ! मी त्यांना लक्ष्म्या म्हटलं ना?"

काका हसत म्हणाले, "हा उलटा कागद. उजेड तिथं काळं, काळं तिथं उजेड. याच्यावर दुसरा कागद ठेवून छापला की सुलट येतो. थोडा धीर धरा."

सुलटा आला, पण आत्याबाईंचं समाधान होईना. काकूंनी डबा ताटाला जवळजवळ चिकटून ठेवला होता, सगळं कागदभर मोठं यावं म्हणून. आणि झालं होतं भलतंच. ताट बैलगाडीच्या चाकासारखं पसरलं होतं. लिंबं नारळाएवढी झाली होती, आणि नारळ मागं लांब कुठंतरी गेल्यासारखे बारके.

"बाळं आईपेक्षा मोठी दिसून राहिली," आत्याबाई म्हणाल्या. "आणि ताट सगळ्यांत मोठं. म्हणजे आमच्या घरी लक्ष्म्या बसल्या की जेवायला पंगत बसली?"

काकूंनी डबा वीतभर ओढला. आता नारळ कागदात मावेनात म्हणून त्यांना डबा मागं मागं न्यावा लागला, पार तुळशीपाशी. तिथून काढलेला फोटो बघितला तर सगळं जागच्या जागी. लिंबं लिंबाएवढी, नारळ नारळाएवढे, ताट ताटाएवढं.

"हे बघ, आता कसं! वीतभरच ठेव गं बाई," आत्याबाई म्हणाल्या. "आखूड डबा खोटं बोलतो."

फक्त वेळ लागत होता. अर्ध्या वितीला एक माळ जप पुरायचा, वीतभर डब्याला चार माळा लागायच्या. मी विचारलं, "काकू, दुप्पट लांबीला दुप्पट वेळ लागायला पाहिजे ना?"

त्या पोळ्या लाटत होत्या. म्हणाल्या, "ही पोळी लांबीला दुप्पट केली तर रुंदीलाही पसरते ना? मग किती पातळ होईल? चौथाई. उजेडाचं तसंच. डबा लांब केला की तेवढाच उजेड कागदावर पातळ लाटला जातो. म्हणून चौपट थांबायचं."

मला शाळेत तीन वर्षांत गणिताचं जे कळलं नव्हतं ते त्या पोळीवर कळलं.

अंगणातलं ऊन वेगळं आणि महालक्ष्म्यांची खोली वेगळी. तिथं उत्तरेची एक खिडकी आणि एक दार. काकूंनी महिनाभर आधी त्या कोपऱ्यात एक तांब्या ठेवून अर्ध्या वितीवर फोटो काढून बघितला. आमच्या भिंतीवरच्या घड्याळानं साडेतीन तास लागले. म्हणजे वीतभर डब्याला चौदा तास.

"चौदा तास तुझा डबा बसून राहणार?" आत्याबाईंनी विचारलं.

"लक्ष्म्या तीन दिवस बसतात, माझ्या डब्याला काय झालं?"

हिशेब त्यांनी चोख लावला. पहिल्या दिवशी तिन्हीसांजेला लक्ष्म्या घरात येतात, तेव्हा उजेड नाही. दुसऱ्या दिवशी पूजा झाली की सकाळी नऊला डबा उघडायचा, संध्याकाळी सहाला झाकायचा. नऊ तास. तिसऱ्या दिवशी आठला पुन्हा उघडायचा. पंचांगात मूळ नक्षत्र दीडपर्यंत होतं, म्हणून लक्ष्म्या एकला उठवायच्या होत्या. पाच तास. चौदा भरले. एकदा बसवलेल्या महालक्ष्म्यांना उठवेपर्यंत कुणी हलवत नाही, ही आपली रीतच. त्यामुळं काम होण्यासारखं होतं.

मला शंका आली, "पण मधे बायका येतील, जातील, हळदकुंकू वाहतील. त्या सगळ्या येतील की फोटोत!"

"जो थांबत न्हाई तो उमटत न्हाई," काकू म्हणाल्या.

डबा कुठं ठेवायचा हे आत्याबाईंनीच दाखवलं. खोलीच्या उंबऱ्यापाशी त्यांचा पाट असायचा. सगळं मांडून झालं की त्या तिथं बसून लक्ष्म्यांकडं बघत राहायच्या. काकूंनी पाटावर एक खोकं ठेवलं, बसलेल्या आत्याबाईंच्या डोळ्यांएवढ्या उंचीचं, आणि त्यावर डबा. सोवळ्याचा प्रश्न निघाला तेव्हा आत्याबाई म्हणाल्या, "पुठ्ठा आणि काजळ. त्यात विटाळायसारखं काय आहे? मी हातानं ठेवते."

महालक्ष्म्या बसल्या. त्या वर्षी आत्याबाईंनी कशातही हात आखडला नाही. सोळा भाज्या, पुरण, आंबील, कथली, फुलोऱ्याला करंज्या आणि वेणीफणी. आत्याबाईंच्या थोरल्या जाऊबाई, शेषेरावांच्या पत्नी चंद्रप्रभाबाई, उदगीरहून आल्या होत्या. सोबत मुखवटे न्यायला एक पत्र्याची पेटी, आत मऊ धोतराच्या घड्या. त्या फार बोलत नव्हत्या. दोघी जावा एकमेकींशी इतक्या जपून वागत होत्या की मला दोघींचंही वाईट वाटत होतं.

पूजेच्या दिवशी नऊला काकूंनी डब्यावरची पट्टी काढली. सगळ्यांना बजावलं, "डब्याला धक्का लावायचा न्हाई, त्याच्यासमोर उभं राहायचं न्हाई." आणि त्या पुरणपोळ्या लाटायला आत गेल्या. दुपारी सवाष्णी जेवल्या, हळदकुंकू झालं, आरती झाली. संध्याकाळी सहाला खोलीत अंधारून आलं होतं. काकूंनी बाजूनं हात घालून पट्टी बसवली.

तिसऱ्या दिवशी आठला त्या पट्टी काढायला गेल्या त्या तिथंच उकिडव्या बसून राहिल्या.

"आत्याबाई," त्या हळूच म्हणाल्या, "जरा इकडं या."

डब्याच्या तोंडावर, शिशाच्या पत्र्याच्या बरोबर मधोमध, हळदीचं एक ठसठशीत बोट होतं आणि त्यावर वाळलेलं कुंकू. भोक पार बुजलेलं.

हे कुणाचं काम, हे विचारायला लागलंच नाही. आमच्या बोळातल्या नागाबाई दर वर्षी पहिल्या सवाष्ण म्हणून येत. त्यांचं बोट कुठं लागलं नाही असं घरात काही उरत नसे. दाराच्या चौकटी, धान्याच्या कणग्या, जातं, उखळ, घड्याळाचं लाकूड. मी धावत जाऊन त्यांना घेऊन आले.

"हाव, मीच लावलं," नागाबाई म्हणाल्या. "लक्ष्म्यांपुढं नवी वस्तू मांडलेली. सगळ्यांना लावलं आणि हिलाच कोरडी ठेवू? कपाळ तिचं मोकळं होतं."

"नागाबाई, ते कपाळ नव्हतं, डोळा होता!" काकू म्हणाल्या.

"असा टाचणीएवढा डोळा असतो का कुणाचा?" नागाबाईंनी आत्याबाईंकडं बघितलं, काकूंकडं बघितलं, आणि त्यांचा आवाज बारीक झाला. "काय बिघडवलं का मी?"

"कधी लावलं, जेवायच्या आधी की नंतर?"

"आल्या आल्या. साडेदहा झाले असतील."

म्हणजे आदल्या दिवशीच्या नऊ तासांपैकी दीड तासच कागदाला उजेड मिळाला होता. आता साडेआठ वाजून गेले होते. एकला लक्ष्म्या उठणार. वीतभर डब्याला चौदा तास पाहिजेत, हातात जेमतेम चार.

आत्याबाई उंबऱ्यावर बसल्या. "म्हणजे न्हाई होणार," त्या म्हणाल्या. आवाज अगदी साधा होता, म्हणून जास्त लागला. चंद्रप्रभाबाई भिंतीशी उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "आजच्या दिवस उठवू नका. मी सांगते भाऊजींना." पण मूळ नक्षत्र संपल्यावर लक्ष्म्या बसवून ठेवायच्या, हे आत्याबाईंनाच चाललं नसतं. त्यांनी मान हलवली.

मी म्हटलं, "काकू, अर्ध्या वितीला साडेतीन तास लागतात ना? तेवढे आहेत."

"आखूड डबा?" आत्याबाई चटकन म्हणाल्या. "नको गं बाई. बाळं आयांपेक्षा मोठी होतात. असला फोटो घेऊन मी काय करू?"

 काकूंकडं एक पोस्टकार्डाएवढी खिडकी कापलेला पुठ्ठा होता. त्यातून बघितलं की कागदावर काय येणार ते कळायचं. डबा जेवढा लांब, तेवढा पुठ्ठा डोळ्यापासून लांब धरायचा. त्या पाटामागं बसल्या, एक डोळा मिटला, पुठ्ठा वीतभर लांब धरला. मग अर्ध्या वितीवर आणला. पुन्हा लांब नेला, पुन्हा जवळ आणला. हे त्यांनी इतक्या वेळा केलं की नागाबाई माझ्या कानात पुटपुटल्या, "तिला काय झालं?"

"आत्याबाई, इथं बसा," काकू म्हणाल्या. "एक डोळा मिटा. आता पुठ्ठ्यातून बघा. काय दिसतं?"

"लक्ष्म्या. खिडकीभर."

काकूंनी पुठ्ठा त्यांच्या डोळ्याजवळ आणला. "आता?"

"आता सगळी खोली दिसते. आढं, दार, घड्याळसुद्धा."

"आणि बाळं? आयांपेक्षा मोठी झाली?"

आत्याबाई बराच वेळ बघत राहिल्या. "न्हाई," त्या म्हणाल्या. "आहेत तशीच आहेत. पायाशी."

"मी महिनाभर चुकून राहिले," काकू म्हणाल्या. "आखूड डबा खोटं बोलत न्हाई. मीच त्याला दर वेळी जवळ नेत होते, सगळं मोठं दिसावं म्हणून. जवळून बघितलं की पुढचं मोठं आणि मागचं बारकं दिसणारच, डोळ्यालाही तसंच दिसतं. कोण केवढं दिसावं ते आपण कुठं बसलो यावर. डब्याची लांबी फक्त सगळं मिळून लहान की मोठं, एवढंच ठरवते. जागा हलवायची न्हाई. डबा तेवढा आखूड करायचा."

"म्हणजे किती मोठ्या येतील?"

काकूंनी दोन बोटं जुळवून आडवी धरली. "एवढ्या उंच."

आत्याबाईंना मोठा फोटो पाहिजे होता. चौकटीत घालून माजघरात लावायचा, असं त्यांनी मनात धरलं होतं, हे मला ठाऊक होतं. त्यांनी त्या दोन बोटांकडं बघितलं, मग लक्ष्म्यांकडं.

"जवळ नेऊन मोठा काढशील तर होईल?"

"होईल. पण ताट चाकाएवढं."

"मग लहानच काढ," आत्याबाई म्हणाल्या. "आई आईएवढी आणि बाळ बाळाएवढं दिसू दे. लहान तर लहान."

काकू डबा घेऊन धान्याच्या कोठीत शिरल्या, दाराला गोधडी लावून घेतली, आणि अंधारात नवा कागद घातला. दोनच कागद उरले होते, दुसरा छापण्यासाठी राखून ठेवला. कुंकवानं बुजलेला पत्रा काढून टाकला, त्याच सुईचा दुसरा पत्रा लावला. आतला डबा अर्ध्या वितीच्या खुणेवर सरकवला. बाहेर आल्या तेव्हा साडेनवाला दोन मिनिटं कमी होती.

पट्टी निघाली. नागाबाईंनी उंबऱ्याबाहेर बैठक मारली आणि येणाऱ्या प्रत्येकीला त्या तिथूनच दटावायच्या, "आत जायचं न्हाई! हळदकुंकू माझ्या हातून घ्या आणि लांबून नमस्कार करा!" चंद्रप्रभाबाईंनी खिडकीवरचा पडदा काढून घडी केला, मग दाराची दुसरी फळीही उघडून दिली, उजेड जास्त यावा म्हणून. कुणी सांगितलं नव्हतं. आत्याबाई डब्याच्या मागं, आपल्या नेहमीच्या जागेवर, जमिनीवर बसल्या. हात मांडीवर. साडेतीन तास त्यांनी तिथून डोळे हलवले नाहीत. मला वाटतं अठरा वर्षांत त्यांना लक्ष्म्यांपुढं इतका वेळ बसायला कधी मिळालंच नव्हतं. दर वर्षी कुठून तरी हाक यायची, कुणाला तरी वाढायचं असायचं.

एकला काकूंनी पट्टी बसवली. मामंजींनी अक्षता वाहिल्या, पुन्हा यायचं आमंत्रण दिलं आणि मुखवटे जरासे हलवले. आत्याबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं, पण त्यांनी हातानं दह्याची वाटी सरळ केली आणि म्हणाल्या, "चला, ताटं घ्या."

दुपारी अवधूतकाका औषधाच्या बाटल्या घेऊन आले. कंदिलाला लाल कागद गुंडाळून दोघं नवराबायको कोठीत शिरली. आम्ही चौघी दाराबाहेर. आत पाण्याचा आवाज. मग काकांचं, "थांब, हलव, हलव."  आणि मग काकूंचा आवाज, "आल्या. आल्या गं, आत्याबाई!"

उलटा कागद त्यांनी आत्याबाईंना मुळी दाखवलाच नाही. वाळवून, छापून, सुलटा हातात दिला तेव्हा चार वाजले होते.

वरती आढं होतं, एका बाजूला दाराची चौकट, दुसऱ्या बाजूला घड्याळाचा कोपरा. मधोमध दोन बोटं उंचीच्या महालक्ष्म्या. थोरली पुढं, धाकटी तिच्या खांद्यामागं जराशी. पायाशी बाळं, हरभऱ्याच्या दाण्याएवढी, पण बाळंच. फुलोऱ्यातली प्रत्येक करंजी वेगळी. समईची ज्योत हलत राहिली होती, तिच्या जागी एक पांढरा गोळा. कडा जरा मऊ होत्या, पहाटे धुक्यातून दिसाव्यात तशा.

आत्याबाईंनी फोटो खिडकीशी नेला. जवळ धरला, लांब धरला.

"बसल्या," त्या म्हणाल्या. "बरोबर बसल्या."

नागाबाई मागून डोकावून म्हणाल्या, "मी काही उमटले न्हाई ना?"

"तुम्ही कुठं एका जागी थांबता!" काकू म्हणाल्या, आणि सगळ्या हसल्या.

चंद्रप्रभाबाईंनी फोटो मागून घेतला. खूप वेळ बघितला. मग खाली बघत म्हणाल्या, "रुक्मिण, मी कधी मांडल्या न्हाईत गं. गुलबर्ग्याला आम्ही सरकारी घरात राहायचो. धाकटी मागं ठेवायची, हेसुद्धा मला ठाऊक नव्हतं. पेटी घेऊन आले खरी, पण रात्रंदिवस धाक होता, चुकलं तर?"

 पत्र आल्यापासून आत्याबाईंनी मनात जे काही धरलं होतं ते त्यांच्या चेहऱ्यावरून उतरताना मी बघितलं. त्यांनी समईची काडी घेतली, दोघी जावा खिडकीत शेजारी शेजारी बसल्या, आणि आत्याबाई काडीच्या टोकानं दाखवू लागल्या. "हे बघा बाई, ही कणगी आधी भरायची. गहू वरती. मग मुखवटा. हा पदर असा फिरवायचा..."

अवधूतकाकांनी त्या आठवड्यात दुकानातून आणखी एक जुना कागद मिळवला आणि दुसरी प्रत छापून उदगीरला पाठवली.

पुढं काकू बरेच फोटो काढत राहिल्या. गौरी, संक्रांतीची सुगडं, कुणाच्या बारशाची आरास, एकदा नुसत्या दोन वांग्यांचा आणि उखळाचा. डबा किती लांब ठेवू, असं त्या आधी कधीच ठरवत नसत. घरच्या बाईला विचारायच्या, "तुम्ही हे बघायला कुठं बसता?" आणि तिथं पाट मागायच्या. लांबी त्यानंतर, कागद केवढा आणि वेळ किती ते बघून. पोलिस ॲक्शननंतर काकांनी परभणीला स्वतःचं दुकान काढलं, चांगल्या भिंगाचा कॅमेरा आला, पण घरातल्या मांडण्यांसाठी काकू डबाच काढायच्या.

पुढच्या भाद्रपदात आत्याबाई आणि मी उदगीरला गेलो. चंद्रप्रभाबाईंनी सगळं मांडून ठेवलं होतं. फोटो खिडकीत उभा करून ठेवलेला. आत्याबाई दारात थांबल्या, नजर वरून खाली फिरली. फुलोरा, मुखवटे, पदर, बाळं. मला वाटलं आता काहीतरी सरळ करतील. त्यांनी कशालाही हात लावला नाही. नमस्कार केला, उंबऱ्यापाशी मांडी घालून बसल्या आणि म्हणाल्या, "बाई, आज मी पाहुणी. मला वाढा."